१ किलोहर्ट्झच्या फेमटोसेकंद लेझरने काचेत वेव्हगाइड: ऊर्जा वाढवू की काच बदलू?

प्रश्न थोडक्यात असा. (वेव्हगाइड म्हणजे प्रकाशाला धरून नेणारी काचेतली वाट.) पीएचडीच्या एका विद्यार्थ्याकडे ८०० नॅनोमीटरचा टायटेनियम-सफायर ॲम्प्लिफायर, म्हणजे तीव्र पल्स देणारा लेझर, आहे. रिपिटेशन रेट १ किलोहर्ट्झ (सेकंदाला हजार पल्स), पल्स ५० फेमटोसेकंदांची (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहालक्षांश). सूक्ष्मदर्शकाच्या साध्या स्लाइडमध्ये २०एक्स ऑब्जेक्टिव्हने (सूक्ष्मदर्शकाच्या वस्तुभिंगाने), पल्समागे २ मायक्रोजूल देऊन त्याने रेषा ओढल्या. सूक्ष्मदर्शकाखाली ठळक काळी रेषा दिसते, पण १५५० नॅनोमीटरचा प्रकाश काही तिच्यातून जात नाही. ऊर्जा वाढवावी का, आणि पुढे एकाचे दोन करणारा स्प्लिटर काढायचा तर कसा, असं त्याने विचारलं आहे.

ऊर्जा वाढवू नका. आधी ती स्लाइड बाजूला ठेवा, मग ऊर्जा खाली आणा.

फ्युज्ड सिलिका, म्हणजे शुद्ध सिलिकाची काच. तिचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा) ९ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असतो. ८०० नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा १.५५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. म्हणजे काचेने प्रकाश शोषायचा तर सहा फोटॉन एकाच वेळी एकाच जागी हजर हवेत. हे फक्त फोकसच्या ठिकाणी घडतं, तेही तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला १० चा १३ वा घात वॅट किंवा त्याहून वर गेली तरच. म्हणून पृष्ठभागाला धक्का न लावता काचेच्या पोटात लिहिता येतं. पल्स संपेपर्यंत ऊर्जा इलेक्ट्रॉनांकडे असते, पुढच्या काही पिकोसेकंदांत ते ती काचेच्या जाळीला देऊन मोकळे होतात. इथपर्यंत सगळ्या काचांची गोष्ट जवळपास सारखी आहे. त्यानंतर काय होतं हे मात्र काचेवर आणि तुमच्या रिपिटेशन रेटवर ठरतं, आणि बहुतेकांची गाडी नेमकी तिथे अडते.

फ्युज्ड सिलिकात ऊर्जा बेताची असेल तर अपवर्तनांक सलगपणे थोडा वाढतो. हाच आपल्या कामाचा. आणखी वर गेलात की पोलरायझेशनच्या (प्रकाशलहरीच्या कंपनाच्या) दिशेला काटकोनात अतिसूक्ष्म थर तयार होतात, त्यांना नॅनोग्रेटिंग म्हणतात. मायक्रोफ्लुइडिक्सवाल्यांना (काचेत द्रवासाठी सूक्ष्म नळ्या कोरणाऱ्यांना) ते हवेच असतात, कारण तो भाग हायड्रोफ्लोरिक आम्लात किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भराभर झिजतो. वेव्हगाइडमध्ये मात्र ते प्रकाश विखुरतात. त्याहूनही वर गेलात तर पोकळ्या आणि तडे. तुमची ‘ठळक काळी रेषा’ या शेवटच्या जातीतली आहे. ती काळी दिसते कारण तिथे प्रकाश विखुरतो. चांगलं वेव्हगाइड साध्या ब्राइटफील्डमध्ये धड दिसतही नाही. ते शोधायला फेज कॉन्ट्रास्ट किंवा डीआयसी, म्हणजे अपवर्तनांकातला फरक दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शनाच्या पद्धती, लागतात. रेषा छान उठून दिसली की माणूस खूश होतो, पण ती खुशी या कामात फसवी असते.

आता तुमच्या आकड्यांकडे बघू. फ्युज्ड सिलिकात ८०० नॅनोमीटरला सेल्फ-फोकसिंगची (बीम आपोआपच आकसण्याची) क्रिटिकल पॉवर साधारण २ मेगावॅट येते. २ मायक्रोजूल भागिले ५० फेमटोसेकंद म्हणजे ४० मेगावॅट. ऑब्जेक्टिव्हच्या काचेतून जाताना पल्स ताणली जाते, ५० चे सहज १०० फेमटोसेकंद होतात, तरी २० मेगावॅट उरतातच. म्हणजे मर्यादेच्या दहापट. ही काही लक्ष्मणरेषा नाही, घट्ट फोकसमध्ये तिच्या वर काम करता येतं. पण दहापटीला बीम फोकसच्या आधीच आकसायला लागतो आणि ठिपक्याऐवजी लांबडी शेपटी मिळते. तपासायचं असेल तर काचेपलीकडे पांढरा कागद धरून बघा (चष्मा लावूनच). लालसर डागाच्या मध्यभागी पांढरा उजेड उमटत असेल तर तुम्ही वेव्हगाइड जमणाऱ्या ऊर्जेच्या खिडकीबाहेर आहात. कॉम्प्रेसरमधल्या (लेझरच्या पल्स आखडणाऱ्या भागातल्या) ग्रेटिंगचं अंतर बदलून पल्स १२० ते १५० फेमटोसेकंदांवर नेली तर काम बरंच सोपं होतं. सगळ्यात छोटी पल्स इथे सगळ्यात चांगली असेलच असं नाही.

काच

स्लाइड म्हणजे सोडा-लाइम काच. तिचं उष्णता प्रसरण अंशाला ९ पीपीएमच्या (दहा लाखांत ९ भागांच्या) घरात. फ्युज्ड सिलिकाचं ०.५५. ज्या काचेचं प्रसरण इतकं जास्त, तिच्या मायक्रोमीटरभर जागेत अशी उष्णता ओतली तर ताण साठणार आणि तडे जाणार. त्यात आणखी एक गंमत आहे. बहुतेक काचा झटकन निवल्या तर सैल राहतात, त्यांची घनता घटते. सिलिका उलट वागते: ती झटकन निवली तर अधिक घट्ट होते. त्यामुळे कमी रिपिटेशन रेटला फ्युज्ड सिलिकात लेझरने लिहिलेल्या रेषेच्या मध्यभागी अपवर्तनांक वाढतो, तर इतर बऱ्याच काचांमध्ये तो मध्यभागी घटतो आणि प्रकाश चालतोच तर ताणामुळे झालेल्या आजूबाजूच्या पट्ट्यांतून चालतो. सोडा-लाइममध्ये वेव्हगाइड अजिबात होत नाही असं नाही, पण शिकायची सुरुवात तिथून करणं म्हणजे पोहायला शिकण्यासाठी पुरात उडी घेणं आहे.

१ किलोहर्ट्झसाठी मी डोळे मिटून यूव्ही ग्रेडचा फ्युज्ड सिलिका घेईन. तोही दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेला आणि एक मिलिमीटर तरी जाडीचा. बजेटची ओढाताण असेल तर बीके७ ही ऑप्टिकल काच वापरून बघायला हरकत नाही. त्या काचेचं नाव या कामात फारसं चांगलं नाही, पण मुंबईच्या टीआयएफआरमधल्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या) संशोधकांचा सहभाग असलेला २०११ चा एक निबंध नेमका याच जोडीवर आहे: बीके७ आणि कमी रिपिटेशन रेटचा फेमटोसेकंद लेझर. ती खिडकी आहे, फक्त अरुंद आहे.

वाचताना तुम्हाला जिथेतिथे ईगल एक्सजी या काचेचं नाव दिसेल. ही कॉर्निंगची डिस्प्लेसाठीची काच, अल्कलीविरहित. तिच्यात उत्तम वेव्हगाइड होतात, पण ते सगळं यश मुख्यतः १ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या इटर्बियम लेझरांचं आहे. कारण असं की मायक्रोमीटरभर जागेतली उष्णता काचेत पसरायला साधारण एक मायक्रोसेकंद लागतो. १ मेगाहर्ट्झला पुढची पल्स नेमकी तेवढ्यातच येते. उष्णता साठत जाते, फोकसभोवतीची काच वितळते आणि रेषा पुढे सरकली की सावकाश निवते. तुमच्या १ किलोहर्ट्झला दोन पल्समध्ये हजार मायक्रोसेकंद जातात. प्रत्येक पल्स थंड काचेवर पडते. म्हणून दुसऱ्यांची रेसिपी उचलताना पल्सची ऊर्जा बघण्याआधी रिपिटेशन रेट बघा. तो जुळत नसेल तर बाकीचे आकडे तुमच्या उपयोगाचे नाहीत. १९९६ मध्ये क्योटोच्या हिराओ यांच्या गटाने पहिल्यांदा हे तंत्र दाखवलं, तेव्हापासून प्रसिद्ध झालेल्या शेकडो निबंधांत हाच एक आकडा लोक सर्वांत जास्त दुर्लक्षित करतात.

स्लिट, खोली, सपाटी

तुमचं ऑब्जेक्टिव्ह बहुधा ०.४ ते ०.५ एनएचं असेल (एनए म्हणजे भिंग प्रकाश किती रुंद कोनात आणतं त्याचं माप). ०.५ धरलं तर फोकसची रुंदी एक मायक्रोमीटर आणि काचेतली लांबी तीन मायक्रोमीटर येते. लांबी भागिले रुंदी हे गुणोत्तर सरळ अपवर्तनांक भागिले एनए इतकं असतं. तुम्ही बीमला आडवी रेषा ओढता, म्हणजे वेव्हगाइडचा छेद उभट होणार: एक मायक्रोमीटर रुंद, तीन उंच. फायबरचा मोड (आत धरलेल्या प्रकाशाचा आकार) गोल, तुमचा तांदळाच्या दाण्यासारखा, जुळणार कसा?

मेगाहर्ट्झवाल्यांना याची तितकी चिंता नसते, त्यांची वितळलेली काच आपोआप बरीचशी गोल होते. आपल्याला उपाय करावा लागतो, आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ऑब्जेक्टिव्हच्या आधी एक स्लिट (अरुंद फट). ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाच्या गटाने २००५ मध्ये तो नीट मांडला. स्लिटची लांब बाजू लिहिण्याच्या दिशेला समांतर ठेवायची. त्यामुळे आडव्या दिशेत एनए घटतो, फोकस त्या दिशेला फुगतो आणि छेद गोल होतो. २०एक्सच्या ऑब्जेक्टिव्हला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची स्लिट हा चांगला आरंभबिंदू आहे. स्लिट ९० अंशांनी चुकीची लावली तर काही फायदा होत नाही, आणि पहिल्यांदा लावताना ती हमखास चुकीची लागते, म्हणून कागदावर बीमची पट्टी आणि स्टेजची (काच सरकवणाऱ्या मंचाची) दिशा एकत्र काढून ठेवा. स्लिट आल्यावर तीच ऊर्जा मोठ्या जागेत पसरते, त्यामुळे ऊर्जा पुन्हा वाढवावी लागते. ‘खाली आणा’ म्हणालो आणि आता ‘वाढवा’ म्हणतोय, यात विरोध नाही. फक्त ऊर्जा नेहमी ऑब्जेक्टिव्हनंतर मोजा. वहीत स्लिटआधीचा आकडा लिहिलात तर महिन्याभराने तो तुम्हालाच समजणार नाही.

ऑब्जेक्टिव्हच्या अंगावर काय कोरलंय ते वाचा. जीवशास्त्राच्या ऑब्जेक्टिव्हवर ०.१७ असा आकडा असतो. ते ०.१७ मिलिमीटर जाडीच्या कव्हरस्लिपसाठी दुरुस्त केलेलं आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे काचेत १७० मायक्रोमीटर खोलीवर तुम्हाला स्फेरिकल ॲबरेशन (कडेचे आणि मधले किरण एका बिंदूत न जुळण्याचा दोष) जवळजवळ फुकटात दुरुस्त होऊन मिळतं. तिथेच लिहा. खोली मोजताना एक लक्षात ठेवा: स्टेज १०० मायक्रोमीटर वर घेतली तर काचेत फोकस सुमारे १५० मायक्रोमीटर सरकतो. म्हणजे १७० साठी स्टेज साधारण ११५ हलवायची.

सपाटी हा कंटाळवाणा विषय आहे, पण निम्मे वाईट निकाल तिथून येतात. ५ सेंटीमीटर लांबीच्या काचेला ०.१ अंशाचा कल असला तर दोन टोकांत ८७ मायक्रोमीटरचा फरक पडतो. एका टोकाला चांगलं वेव्हगाइड, दुसऱ्या टोकाला काहीच नाही. पृष्ठभागावरून परत येणाऱ्या प्रतिबिंबाचा ठिपका कॅमेऱ्यावर बघा, दोन्ही टोकांना आणि दोन्ही बाजूंना तो एकाच उंचीला नेमका होईपर्यंत काचेचा कल जुळवत राहा. एसीचा झोत बीमवर येत असेल तर पुठ्ठ्याची नळी लावा. पॉवर कमी-जास्त करायला हाफ-वेव्ह प्लेट (पोलरायझेशन फिरवणारी तबकडी) आणि पोलरायझर वापरा. पंपाच्या करंटला हात लावलात की पल्सची लांबी आणि बीमची दिशा दोन्ही बदलतात.

वेग आणि जाळं

१ किलोहर्ट्झला ४० मायक्रोमीटर प्रतिसेकंद वेग म्हणजे दोन पल्समध्ये ४० नॅनोमीटर. एक मायक्रोमीटरच्या ठिपक्यात २५ पल्स पडतात. इथून सुरुवात करा. ३ सेंटीमीटरची एक रेषा साडेबारा मिनिटं घेते. १ मेगाहर्ट्झला २० मिलिमीटर प्रतिसेकंदाने तीच रेषा दीड सेकंदात होते, आणि ते लोक एकाच रेषेवरून वीस फेऱ्या मारून अपवर्तनांक घडवतात. तुम्ही वीस फेऱ्या मारायच्या म्हटल्या तर एका वेव्हगाइडला चार तास. त्या वाटेला सध्या जाऊ नका.

एकाच काचेवर ऊर्जा आणि वेग यांचं जाळं काढा. ऑब्जेक्टिव्हनंतर मोजलेली ऊर्जा ०.१ पासून २ मायक्रोजूलपर्यंत, वेग २० पासून १६० मायक्रोमीटर प्रतिसेकंदापर्यंत दुपटीने. शेजारच्या रेषांत १०० मायक्रोमीटर अंतर. प्रत्येक दहा रेषांनंतर मुद्दाम जास्त ऊर्जेची एक काळी रेषा ओढा. नंतर मोजणी करताना कितवी रेषा चालू आहे हे त्या खुणेवरून कळतं. सगळ्या रेषा एकाच दिशेने लिहा. डावीकडून उजवीकडे आणि उलट लिहिलेल्या रेषा वेगळ्या निघू शकतात, कारण पल्सचा पुढचा चेहरा किंचित तिरका असला तरी काचेला ते जाणवतं. पोलरायझेशन ठरवून वहीत लिहा. शक्य असेल तर क्वार्टर-वेव्ह प्लेट लावून वर्तुळाकार करूनही एक जाळं काढा.

मोजमाप

इथे बहुतेकांचा धीर सुटतो. काचेच्या कडेपाशी बीम अर्धा कापला जातो, त्यामुळे शेवटच्या शे-दोनशे मायक्रोमीटरमध्ये वेव्हगाइड नसतंच. लिहून झाल्यावर दोन्ही टोकं तेवढी घासून पॉलिश करावीच लागतात. तुमचा १५५० चा प्रकाश न जाण्याचं हेही एक कारण असू शकतं.

दुसरं कारण निव्वळ गणिताचं आहे. समजा त्रिज्या ४ मायक्रोमीटर आणि अपवर्तनांकातली वाढ ०.००२. अशा फ्युज्ड सिलिकातल्या गाइडचा व्ही-आकडा (गाइड प्रकाश किती घट्ट धरतो त्याचं माप) १५५० नॅनोमीटरला १.२३ येतो. मोड असतो, पण तो इतका पसरट की जरा वळण आलं की गळून जातो. तोच गाइड ६३३ नॅनोमीटरला व्ही ३ च्या आसपास देतो, म्हणजे लाल प्रकाश मजेत जातो, तोही एकाहून जास्त मोडमध्ये. म्हणून ‘लाल जातो, इन्फ्रारेड जात नाही’ ही तक्रार मी वारंवार ऐकतो आणि ती तक्रार नसून मोजमापच असते: अपवर्तनांकातली वाढ कमी पडतेय एवढंच ते सांगतं. सुरुवातीला ९८० नॅनोमीटरचा फायबर जोडलेला डायोड वापरा. व्ही २ च्या जवळ येतो, मोड एकच असतो, आणि साध्या सिलिकॉन कॅमेऱ्याला तो मंद का होईना पण दिसतो. महागडा इन्फ्रारेड कॅमेरा उसना आणण्याची गरज नंतर.

कॅमेऱ्यावर उजेड दिसला म्हणून वेव्हगाइड मिळालं असं समजू नका. काचेतून इकडेतिकडे गेलेला प्रकाशही छान चमकतो. आत प्रकाश सोडणारा फायबर दोन-तीन मायक्रोमीटर बाजूला सरकवा. खरा मोड असेल तर ठिपका जागेवर, त्याच आकाराचा राहतो आणि फक्त मंद होतो. ठिपका फायबरबरोबर सरकला किंवा त्याचा आकार बदलला, तर तो मोड नव्हे. अर्थात गाइडमध्ये एकाहून जास्त मोड असतील तर आकार बदलेल, म्हणूनच वर ९८० चा आग्रह धरला.

तोट्याचा हिशेब असा करा. आधी दोन फायबर समोरासमोर ठेवून पॉवर नोंदवा. मग मध्ये काच घाला, दोन्ही सांध्यांना इंडेक्स-मॅचिंग तेलाचा थेंब द्या. तेल नसेल तर काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर ४ टक्के, म्हणजे ०.१८ डीबी (डेसिबल, तोटा मोजायचं एकक) जातात. समजा १५५० ला ३ सेंटीमीटरच्या गाइडसाठी एकूण १.९ डीबी तोटा आला. फायबरचा मोड १०.४ मायक्रोमीटर, तुमचा मोड कॅमेऱ्यावर मोजून दोघांच्या जुळणीचं गणित केलं आणि सांध्यामागे ०.३ डीबी निघाले, तर दोन सांध्यांचे ०.६ गेले. उरले १.३, भागिले ३, म्हणजे सेंटीमीटरला ०.४३ डीबी. पहिल्या प्रयत्नांसाठी हा आकडा उत्तम समजा. एक डीबीच्या खाली आलात तरी योग्य वाटेवर आहात.

स्प्लिटर

वायच्या आकाराचा स्प्लिटर काढू नका. दोन फांद्या जिथे फुटतात तिथे काचेवर लेझर दोनदा पडतो, टोक जळतं आणि प्रकाश तिथेच विखुरतो. डायरेक्शनल कपलर काढा: दोन गाइड काही अंतर एकमेकांजवळ समांतर नेऊन पुन्हा दूर करायचे. दोन्हींत साधारण दहा मायक्रोमीटर अंतर ठेवून समांतर भागाची लांबी शून्यापासून वाढवत आठ-दहा कपलर लिहा; कोणत्या लांबीला निम्मी-निम्मी वाटणी होते ते आलेखावरून काढा. अंतर अर्ध्या मायक्रोमीटरने बदललं तरी ही लांबी बदलते, तेव्हा स्टेजचा बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई) आधी तपासा.

फायबर ॲरेत (ठरावीक अंतरावर बसवलेल्या फायबरांच्या पट्टीत) दोन फायबर १२७ मायक्रोमीटर अंतरावर असतात. म्हणजे प्रत्येक गाइडला बाजूला सुमारे ५८ मायक्रोमीटर सरकावं लागेल. ४० मिलिमीटर त्रिज्येच्या दोन कंसांचं एस-वळण घेतलं तर त्यासाठी ३ मिलिमीटर लांबी पुरते. ऐकायला सोपं वाटतं, पण ०.००२ च्या अपवर्तनांक वाढीला १५५० नॅनोमीटरवर ४० ची त्रिज्या बहुधा झेपणार नाही. त्यामुळे ३० पासून ९० मिलिमीटरपर्यंत वेगवेगळ्या त्रिज्यांची नुसती वळणं आधी लिहा, सरळ रेषेशी तोटा ताडून बघा, मग कपलरची रचना ठरवा. मेगाहर्ट्झवाले ईगल काचेत लिहून झाल्यावर भट्टीत ॲनीलिंग (तापवून सावकाश निववणं) करतात. ७२२ अंश हा तिचा ॲनीलिंग बिंदू, त्याच्या थोडं वर नेऊन सावकाश निववलं की बाहेरचं कमजोर वलय पुसलं जातं आणि बऱ्याच घट्ट वळणांनाही प्रकाश सुटत नाही. फ्युज्ड सिलिकात १ किलोहर्ट्झला लिहिलेल्या गाइडला ही भट्टी लावू नका. लेझरने केलेला बदलच तिथे ओसरू लागतो. तुमच्या जोडीत वळणाची त्रिज्या मोठी ठेवणं आणि काच थोडी लांब घेणं हाच मार्ग आहे, त्यामुळे ऑर्डर देतानाच ३ ऐवजी ५ सेंटीमीटरचे तुकडे मागवा.